कणेरी मठ बघायचा तर आजींना पुढे घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून दोन दिवस कोल्हापूरला येताय, सोबत सहावीतली मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि आई-वडील. अंबाबाईचं दर्शन ठरलेलंच आहे, पण मुलांना थीम पार्कसारखं काहीतरी हवंय. कणेरी मठाचं नाव कानावर आलंय. तिथं काय बघावं, काय सोडावं आणि जेवायचं कुठं? आई शाकाहारी, बाकीचे मटणावर डोळा ठेवून येताय, हे तुम्ही आधीच कबूल केलंत ते बरं झालं. आमचं काम सोपं होतं.

शाळांच्या सहली नेणं आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना कोल्हापूर दाखवणं हा माझा धंदा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक स्पष्ट करतो. मुलांच्या डोक्यात उलटेपालटे फिरणारे रोलर कोस्टर असतील तर त्यासाठी कोल्हापूर गाठू नका. ते खोपोलीजवळच्या इमॅजिकात आहे, 2013 पासून सुरू आहे आणि तुमच्या ठाण्याच्या अंगणात आहे. इथल्या शाळांच्या मुलांना आम्ही रात्री गाडीत बसवून तिकडं नेतो, पहाटे सगळी पेंगुळलेली उतरतात. तुम्हाला तो उपद्व्याप करायची गरज नाही, एखाद्या रविवारी जाऊन या. कोल्हापुरात जे आहे त्याची जात वेगळी आहे. इथं यंत्र तुम्हाला फिरवत नाही, तुम्हालाच पायी फिरावं लागतं.

कणेरी शहरापासून साधारण 12 किलोमीटरवर. पुणे-बेंगळुरू हमरस्त्यानं दक्षिणेला निघायचं, गोकुळ शिरगावच्या आसपास आत वळायचं. काडसिद्धेश्वरांचा जुना मठ आहे, महादेवाचं देऊळ आहे, आणि त्याला लागून आहे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. सध्याचे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांची ही कल्पना. सात-आठ एकरांत एक अख्खं जुनं गाव उभं केलंय. सुमारे ऐंशी प्रसंग आणि तीनशेच्या आसपास पुतळे. पुष्कळ लोक ‘मेणाचे पुतळे’ म्हणून सांगतात, ते चूक. सगळं सिमेंटचं काम आहे, म्हणूनच हे गाव उन्हापावसात उघड्यावर टिकलंय. मेणाचं असतं तर एका मे महिन्यात पाटलाच्या मिशा गळून पडल्या असत्या.

आता खरी गोष्ट. बहुतेक मंडळी हे संग्रहालय तासाभरात उरकतात. पुतळा दिसला की मोबाईल काढायचा, शेजारी उभं राहायचं, पुढं चालायचं. बाहेर आल्यावर मुलांना विचारा काय बघितलं, तर ‘बैल’ म्हणतात. म्हणून मी पाहुण्यांना एकच सांगतो: फोन बाबांकडे द्या आणि आजीला पुढे घाला. तुमच्या आई शहरात वाढल्या असतील तरी त्यांच्या आईनं जात्यावर दळलेलं त्यांनी पाहिलेलं असणार. मागे एक आजी आमच्या गटात होत्या, विटा भागातल्या. जात्यावर दळणाऱ्या बाईच्या पुतळ्यापाशी थांबल्या, दोन मिनिटं निरखलं आणि नातीला म्हणाल्या, “बघ, एक पाय दुमडलेला, एक लांब. असंच बसायचं, नाहीतर कंबर धरती.” मग तिथंच खाली बसून खुंटा कसा धरायचा, दोघी असल्या तर हात कसे वर-खाली ठेवायचे, वैरण, म्हणजे दळायचं धान्य, मुठीनं कशी घालायची, सगळं करून दाखवलं. मी इतकी वर्षं त्या पुतळ्यावरून माणसं नेतोय, पण पायाकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. आता प्रत्येक गटाला तो पाय दाखवतो.

सुरुवातीला गुहेसारख्या भागात प्राचीन ऋषी आणि शास्त्रज्ञांचे पुतळे आहेत: कणाद, चरक, वराहमिहिर वगैरे. मुलगी सहावीत आहे, तिला नावं ओळखीची वाटतील. लहानग्याला तिथं फार वेळ अडकवू नका, त्याची पाट्या वाचायची हौस दोन पुतळ्यांत संपते. सरळ गावात शिरा.

गावातल्या माझ्या आवडीच्या जागा सांगतो. पहिली मोट. आजकालच्या मुलांना मोटर म्हणजे काय ते कळतं, मोट म्हणजे काय ते कळत नाही. चामड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडलेली, जाड नाडा बैलांच्या मानेकडे, बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला. बैल उतारानं, म्हणजे धावेवरनं, खाली जातात, मोट वर येते, आणि सोंड थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या कुंडीत, मोकळी होते. दोन दोऱ्या का लागतात हा प्रश्न मुलीला विचारा आणि उत्तर देऊ नका. तिला सुटलं तर ती दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरेल.

दुसरी जागा तेल्याचा घाणा. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल बघून तुमचा धाकटा हमखास विचारणार, त्याला शिक्षा केलीय का? सतत गोल फिरताना बैल बिचकू नये, गरगरू नये म्हणून झापडं, एवढं सांगितलं की पुरे. बाकी कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सोनार, वाण्याचं दुकान, वासुदेव, गोट्या खेळणारी पोरं, गाईला लुचणारं वासरू हे सगळं येतंच. कारागिराचा चेहरा बघू नका, हात बघा आणि हातातलं हत्यार बघा. पुतळे घडवणाऱ्यांनी तिथं जीव ओतलाय.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि जाणत्या पाहुण्यांपाशी मी ती बोलतो. हे गाव जरा जास्तच गोड आहे. सगळे आपापल्या जागी सुखात, कुणाची कुणाबद्दल तक्रार नाही. बलुतेदारीत कोण कुठल्या पाणवठ्यावर जाऊ शकत होता आणि कोण नाही, हे सिमेंटमध्ये आलेलं नाही. कोल्हापूरच्या माणसानं हे विसरून चालत नाही, कारण शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या आणि 1918 मध्ये संस्थानातली बलुतेदारीच बंद केली. मुलगी अकरा-बारा वर्षांची आहे, तिला विहिरीपाशी गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगा. ते महाराजांच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना मारलं. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं, पण तिथं चहा प्यायला येणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. खाण्यापिण्याच्या जागा विचारल्यात म्हणून सांगतो, कोल्हापुरातली सगळ्यात मोठी जागा माझ्या लेखी तीच. दुकान आज नाही, रस्ता आहे.

गाव संपल्यावर मायामहाल नावाचा भाग आहे, आरशांचा आणि दृष्टिभ्रमाचा. मुलांना खरा थीम पार्कचा आनंद इथं मिळतो, हे मान्य करायला हवं. आरशांच्या भुलभुलैयात हात पुढे धरून चालायला लावा, नाहीतर नाक आपटतं. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना बाहेर सावलीत बसवा. रांग फार असेल तर मी हा भाग सोडून गोशाळेकडे जातो, देशी गाई बघायला. लखपती शेती हाही प्रकार मठात आहे: एका एकरात नाना तऱ्हेची पिकं घेऊन शेतकऱ्याच्या हातात वर्षाला लाखभर कसे पडतील याचा नमुना. तुमच्यापैकी कुणाला मातीची आवड असेल तरच जा, मुलं तिथं कंटाळतात.

वेळेचं म्हणाल तर सकाळी उघडताच आत शिरा. दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी, आणि पुढं डिसेंबर-जानेवारीत आमच्यासारख्यांच्या सहलीच्या गाड्या, अशी गर्दी दुपारपर्यंत वाढत जाते. उन्हाला टोपी आणि पायात चप्पल नको, बूट. चालणं भरपूर आहे. तिकिटाचे दर आणि वेळा बदलतात, आदल्या दिवशी फोन करून घ्या.

मठाच्या आवारात अर्थातच शाकाहार. महाप्रसादाची सोय असते, वेळ आत गेल्यागेल्या विचारून ठेवा. आईंना ते जेवण आवडेल. साधं, गरम आणि बिनतिखट, म्हणून धाकट्यालाही चालेल. तुम्हाला मात्र मटणाची घाई असणार, तर एक काम करा: सकाळी मिसळ खाऊन निघा, मठात हलकं काहीतरी खा, आणि मटण रात्रीला ठेवा. भरल्या पोटानं ते गाव फिरणं म्हणजे शिक्षा आहे.

मिसळीसाठी उद्यमनगरातली फडतरे सगळ्यांना माहीत असते, कणेरीला जाताना वाटही फारशी वाकडी होत नाही. रविवारी रांग लागते आणि मिसळ हा सकाळचाच कार्यक्रम, दुपारी जाऊन हळहळू नका. खासबाग, चोरगे, बावडा ही नावंही तितकीच मोठी. कुठली सर्वांत चांगली यावर आम्ही घरात भांडतो, तुम्हाला काय सांगू. लक्षात एवढंच ठेवा की कोल्हापुरी मिसळ पावाबरोबर येत नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते. मटकीची उसळ, बटाटा, वर शेव-चिवडा, कांदा-कोथिंबीर, आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळ्या भांड्यात. पहिल्याच घासाला सगळा कट ओतू नका. आधी थोडा घ्या, शेव अर्धी कुरकुरीत असतानाच खा, मग परत मागा. कट मागायला लाजायचं नसतं. धाकट्याला नुसती मटकी, ब्रेड आणि दही द्या.

आता दुसरा दिवस. कणेरीत सिमेंटमध्ये जे बघितलंत, त्यातलं बरंचसं शहरात आजही जिवंत आहे, आणि मुलांना खरी मजा या जोड्या लावण्यात येते. सोनार बघितला? अंबाबाईच्या देवळाजवळ गुजरी आहे. एखाद्या दुकानात कोल्हापुरी साज बघायला मागा आणि मुलीला पानं मोजायला लावा, एकवीस भरली पाहिजेत. चांभार बघितला? देवळाच्या भागातच चपलांची ओळ आहे. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार विचारा. अस्सल चपलेत खिळा नसतो, चामड्याच्या वादीनंच शिवलेली असते. ती उलटी करून टाके दाखवा. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून नकली माल थांबलाय असं मात्र समजू नका. फारच स्वस्त दिसली आणि तळ रबरासारखा लवला तर पुढं चला.

पैलवान बघायचे असतील तर गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी आहेत. लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मऊ करतात. आत जाण्याआधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर, फोटो परवानगीनं. तालमीत जमलं नाही तर खासबाग मैदान बघून या. 1912 सालचं, शाहू महाराजांनी बांधवलेलं, कुठल्याही कोपऱ्यात बसलात तरी कुस्ती दिसते. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या आगीत ते जळालं होतं. त्या भागातली भेळ संध्याकाळी चुकवू नका. राजाभाऊंची भेळ हे नाव विचारलंत की रिक्षावालाच नेऊन सोडतो.

पण माझा सगळ्यात लाडका थांबा गुऱ्हाळ. तुम्ही दिवाळीत येताय म्हणजे हंगाम नुकताच सुरू झालेला असणार. करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही बाजूला निघा, उसाच्या गाड्या आणि धूर दिसला की थांबा आणि विचारा. बहुतेक जण आत बोलावतात. भलीमोठी काहील, म्हणजे रस उकळायची कढई, खाली चिपाडं जाळून धरलेला जाळ, त्याच्यावर नजर ठेवणारा जळव्या. रस तापला की मळी, म्हणजे रसातला मळ, वर येते. ती वर आणायला रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस सोडतात, मग झाऱ्यानं मळी काढत राहतात. रस पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस होत जातो, बुडबुडे बारीक होतात. शेवटचा निर्णय गुळव्याचा. तो उकळत्या पाकातला थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करतो, दगडावर आपटून आवाज ऐकतो आणि हाक मारतो. मग सगळे मिळून काहील उतरवतात, पाक वाफ्यात ओततात. मिनिटभराचा उशीर झाला तरी गूळ बिघडतो, म्हणून त्या क्षणी कुणालाही प्रश्न विचारू नका आणि धाकट्याचा हात घट्ट धरा. काहील उघडी असते, कठडा नसतो. काम आटपलं की कुणीतरी उसाच्या कांडीवर चिकटलेला गरम गूळ हातात देईल. शेंगदाणे खिशात ठेवून गेलात तर तुम्ही जाणकार ठराल. पैसे घेणार नाहीत, म्हणून थोडा गूळ तिथनंच विकत घ्या.

संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, समोर धार काढून ग्लास हातात. गरम केलेलं नसतं, अंगच्या उबेचं असतं. फेस बघून मुलं खूष होतात, पण शहरी पोटाला कच्चं दूध झेपेलच असं नाही. मुलांना बघू द्या, प्यायला मोठ्यांनी प्यावं. नंतर रंकाळ्यावर चक्कर मारा. तिथं आइस्क्रीमचं कॉकटेल, फळं घातलेलं, मुलांची नाराजी तिथल्या तिथं मिटते.

आता मटण. ओपल, देहाती, पद्मा ही नावं बाहेरगावच्यांना ठाऊक असतात आणि चुकीची नाहीत. गल्लीबोळातल्या घरगुती खानावळीत मला जास्त चव लागते, पण पाच-सहा जणांच्या कुटुंबाला तिथं जागा मिळायला थांबावं लागतं. ताट आलं की सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा-लिंबू आणि शेवटी भात. पांढरा रस्सा आधी प्या, वाटीला तोंड लावून. मटणाचंच पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, वरून अख्खा गरम मसाला. तांबडा दिसतो तितका जहाल नसतो. कोल्हापूरची तिखटाची ख्याती बाहेरच्या हॉटेलांनी लाल रंग घालून वाढवलीय. इथला कांदा-लसूण मसाला झणझणीत असतो, पण त्याला चव असते. दोन्ही रस्से परत मागून घ्या, न मागितल्यास वाढप्याला वाटतं आवडलं नाही. धाकट्यासाठी अळणी मागा: मटण शिजवलेलं पाणी, तिखट घालायच्या आधीचं. आमच्या घरातली सगळी पोरं त्यावरच वाढली. आईंसाठी अख्खा मसूर आणि भाकरी आहे. मटणाच्या हॉटेलात त्या बसायला तयार नसतील तर आधी त्यांना शाकाहारी ठिकाणी जेवू घाला आणि मग तुम्ही जा. एकाच टेबलावर दोघांची सोय करण्याच्या नादात दोघांचंही जेवण फसतं. आणि सोमवारी मटणाचा बेत ठरवू नका, कित्येक घरांत त्या दिवशी चूल शाकाहारी असते आणि त्या मानानं हॉटेलंही थंड असतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे वार.

पन्हाळा आणि जोतिबा तुम्ही विचारलेलं नाही. दोन दिवसांत कोंबू नका, पुढच्या वेळेला ठेवा.

गूळ घेताना पिवळाधमक, चकचकीत रव्याला, म्हणजे ढेपेला, भुलू नका, त्यात रंग उजळायला पावडर घातलेली असण्याची शक्यता जास्त. जरा काळपट, मऊ, चाखल्यावर जराही खारट न लागणारा घ्या. बाजारातला मोठा रवा तीस किलोचा असतो, पण किलोभराच्या लहान ढेपाही मिळतात. भडंग शेवटच्या दिवशी घ्या, गाडीत ठाण्यापर्यंत उरत नाही, म्हणून पिशव्या दोन.